पडलेल्यांनी ढोल वाजेपर्यंत उठू नये

ता. ९ मे

आत्या,

लांबूनच नमस्कार. जवळून केला असता तर कान तुझ्या हातात सापडला असता.

तू म्हणालीस, "फोन करू नकोस. फोनवर तू नुसता ओरडतोस. कागदावर ओरडता येत नाही, निदान वाक्य तरी पुरं करावं लागतं." घे, करतोय पुरं. तसाही इथं फोन चालत नाही. छावणीच्या दाराशी एक लाकडी पेटी ठेवलेली असते. त्यात फोन, घड्याळ, किल्ल्या टाकायच्या आणि सहाशे वर्षं मागं जायचं.

तुला अजून वाटतंय की मी सर्कशीत भरती झालोय. तसं नाही गं. देशोदेशी असे मेळे भरतात. ज्या माळावर कधीकाळी खरी लढाई झाली, त्याच माळावर माणसं तशाच कपड्यांत, तसल्याच पायताणात तीच लढाई पुन्हा लढतात. तलवारी बोथट, जखमा खोट्या, घाम तेवढा खरा. एरवी यांतला कुणी बँकेत असतो, कुणी बस चालवतो. आमचं पथक उन्हाळाभर एका मेळ्यातून दुसऱ्या मेळ्यात जातं. मी भालाईत आहे, पहिल्या रांगेतला. कॉलेजात कायम शेवटच्या बाकावर होतो, म्हणजे प्रगतीच म्हणायची. आणि कॉलेज मी त्या सरांमुळे सोडलं, हे बाबांना एकदा नीट समजावून सांग. भर वर्गात मला "नाटक्या" म्हणाले. मग मी उत्तरपत्रिका त्यांच्या टेबलावर फेकली आणि निघालो. एवढंच.

आता काम. सोबत माझा डगला पाठवतोय. दुलईसारखा आत कापूस भरलेला, जाड. डावी बाही खांद्यापासून कोपरापर्यंत फाटली आहे. तू तुझ्या हातानं शिवून पाठव. मशीन लावू नकोस, पाया पडतो. सगळ्या मेळ्यांच्या दारात एकच तपासनीस बसतो, म्हातारा, नाकावर भिंग. हातभर अंतरावरून दिसणारी प्रत्येक शिवण हातचीच लागते. मशीनची एक टीप दिसली तरी माणूस आत सोडत नाही. मी स्वतः शिवून पाहिली. म्हातारा इतका हसला की त्याचं भिंग खाली पडलं.

पथकाचे कपडे डावरी शिवायची. ती दोन आठवड्यांपूर्वी निघून गेली. कुठं ते कुणी सांगत नाही. कुणी म्हणतं दुसऱ्या पथकाबरोबर उत्तरेकडं गेली, कुणी म्हणतं किल्ल्याच्या मेळ्यात दिसेल. मी एकूण एक मेळा पालथा घालणार आहे. ती शिवणकाम तुझ्याच दुकानात शिकली, तुला ती मुलीसारखी. तुला काही कळलं का? खरं सांग.

तुझा
काडेपेटी

ता. २३ मे

चि. काडेपेटीस,

डगला शिवून पाठवला आहे. काय वास मारत होता तो! तीन दिवस उन्हात टाकला तेव्हा कुठे हात लावता आला. सहाशे वर्षांपूर्वी लोक आंघोळ करत नव्हते असं तुमच्या तपासनिसाचं म्हणणं असेल तर त्याला माझ्याकडे पाठव.

सरांचं मला सांगू नकोस. डावरी मार्चमध्ये त्या पथकाचे कपडे सांभाळायला गेली आणि तू एप्रिलमध्ये कॉलेज सोडलंस. मी शिंपीण असले तरी महिन्यांचा क्रम मला पाठ आहे. सर बिचारे मध्ये सापडले.

तिच्याबद्दल मला विचारू नकोस. मी कपडे शिवते, माणसांचा पत्ता ठेवत नाही. ज्याला जायचं असतं तो जातो आणि का गेला हे मागे राहिलेल्याला बहुतेक वेळा ठाऊक असतं. तुझ्या चार पानांत बाही फाटली एवढंच आहे, कशी फाटली ते नाही. त्या दंतवैद्याला निदान दोन ओळी लिहिल्यास का? अंगठा म्हणजे त्याची भाकरी.

दादा, म्हणजे तुझे बाबा, परवा दुकानात आला होता. पॅन्ट आखूड करायची म्हणाला. ती आधीच आखूड होती. अर्धा तास बसला आणि जाताना विचारलं, "तिकडं थंडी असते का गं?" मी म्हटलं, कुणीकडं? तर म्हणाला, "अशीच, जनरल."

जेवत जा.

आत्या

ता. ६ जून

आत्या,

कुणी चुगली केली? पथकप्रमुखानंच ना? बघतोच त्याच्याकडं. माझ्या घरी पत्र लिहून माझी गाऱ्हाणी सांगतो म्हणजे काय! मी काय शाळकरी आहे?

ठीक आहे. कळलंच आहे तर पूर्ण ऐक.

आमच्या खेळात एक नियम आहे. कोण मरणार हे आधी ठरलेलं नसतं. ज्याला घाव लागला त्यानं स्वतःहून पडायचं. लागला की नाही हे मारणारा सांगत नाही, पंच सांगत नाही, ज्याला लागला तोच सांगतो. आणि एकदा पडलं की लढाई संपून ढोल वाजेपर्यंत उठायचं नाही. सगळा खेळ एवढ्याच एका भरवशावर चालतो.

एप्रिलमधल्या पुलावरच्या लढाईत माझ्यासमोर समोरच्या बाजूचा एक दाढीवाला आला. एरवी तो दातांचा डॉक्टर. आदल्या दिवशी डावरी त्याच्या पट्ट्याची शिवण नीट करत होती आणि तो काहीतरी बोलला, त्यावर ती हसली. आत्या, ती माझ्याशी बोलताना असं हसली नव्हती. तीन आठवडे मी तिच्या तंबूपुढं पाण्याच्या बादल्या भरून ठेवत होतो. त्यावर ती फक्त म्हणायची, "सांडू नकोस." तर त्यानं मला एकदा टोचलं. मी पडलो नाही. दुसऱ्यांदा टोचलं. तिसऱ्यांदा बाही फाटली. तो थांबला, भाला खाली केला, मला म्हणाला, "मित्रा, लागलंय तुला." आणि मी त्याच्या हातावर दांडा मारला. अंगठ्याचं हाड मोडलं. ढोल वाजून गेल्यावर मारलं, आत्या. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, पण सगळ्यांनी पाहिलं.

डावरी कुंपणाशी उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बॅग भरत असताना मी म्हटलं, मला लागलंच नव्हतं. तर ती म्हणाली, "तुला कधीच काही लागत नाही. लागलेलं तुला कबूल करता येत नाही. अशा माणसाशी बोलायचं तरी कसं?" आणि गेली.

आता आम्ही तिसऱ्या देशात आहोत. किल्ल्याचा वेढा. इथं एकोणीस पथकं आहेत आणि प्रत्येकाच्या शिवणाऱ्या बायकांचा तंबू मी बघून आलो. एकीची पाठ अगदी तशी होती, वेणी तशीच मानेवरून पुढं घेतलेली. मी तिच्यामागं तीनशे पावलं चाललो. ती वळली तर कुणा दोन पोरांची आई. तिनं मला एक सफरचंद दिलं. बहुतेक माझा चेहरा उपाशी दिसला असावा.

काल पुन्हा पडलो नाही. चार घाव लागले. प्रमुख म्हणाला, आणखी एकदा असं केलंस तर परत पाठवीन. पाठव म्हणावं! परत कुठं जाऊ? ती जिथं आहे तो पत्ता मला ठाऊक असता तर मी स्वतःच गेलो असतो.

काडेपेटी

ता. २० जून

चि. काडेपेटीस,

प्रमुखावर उगाच तलवार उपसू नकोस. त्यानं काही लिहिलं नाही. मला कसं कळलं ते राहू दे.

तुला माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. तीस वर्षं मापं घेते आहे. टेप कमरेला लावली की माणूस पोट आत ओढतो. शंभरातले नव्वद. मी म्हणते, श्वास सोडा. ते म्हणतात, सोडलाय की! मग तेवढ्याच मापाचा कपडा शिवून देते आणि आठ दिवसांनी तेच येऊन भांडतात, तुम्ही घट्ट शिवलंत. मी हल्ली भांडत नाही. मापाच्या वेळी त्यांच्याशी हवापाण्याचं बोलते. बोलता बोलता पोट सुटतं आणि मग मी गुपचूप माप घेते. तुझ्याशी हवापाण्याचं बोलायला गेलं तरी तू पोट आत धरून बसतोस. जन्मल्यापासून.

दुकानात कामाचा ढीग आहे. जुनी खुर्ची दुरुस्त करून घेतली, आता दोन माणसं बसू शकतात. डाव्या हाताची ती कात्री गंजली होती, तिला धार लावून आणली. दादाची दुसरी पॅन्टही आखूड करायला आली आहे. असंच चालू राहिलं तर तो लवकरच चड्डीवर फिरेल. तुझी पत्रं मी त्याला दाखवत नाही, पण टेबलावर उघडी ठेवून चहा करायला आत जाते.

पडायला शीक.

आत्या

ता. ११ जुलै

आत्या,

पडलो.

सगळं क्रमानं सांगतो, कारण माझं डोकं अजून जागेवर नाही.

या मेळ्याला तो दंतवैद्य आला होता. हाताला पट्टी, म्हणून भाला नाही, ढोल वाजवायला दिला होता त्याला. मी दोन दिवस त्याला टाळलं. तिसऱ्या दिवशी सूपच्या रांगेत तो नेमका माझ्या मागं. आम्ही दोघंही मोडक्यातोडक्या तिसऱ्याच भाषेत बोलतो. मी म्हटलं, "तीन वेळा लागलं होतं. पहिल्यांदाच लागलं होतं." तो म्हणाला, "मला माहीत आहे. टोचणारा मीच होतो." मग म्हणाला, "दहा आठवडे दवाखाना बंद. गावातली मुलं तुला दुवा देतायत." आणि सूप सांडेपर्यंत हसला. आत्या, मी या माणसावर जळत होतो! त्याच्या बायकोचा फोटो त्यानं ढोलाच्या आतल्या बाजूला चिकटवलाय.

संध्याकाळी त्यानं मला गवतावर पडायला शिकवलं. आधी गुडघा, मग कुल्ला, मग खांदा, डोकं सगळ्यात शेवटी. "भाला लांब सोड. धरून ठेवलास तर त्याच्यावरच पडशील." चाळीस वेळा पडलो.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच चढाईत एका पोरगेल्या सैनिकाचा भाला माझ्या बरगडीला लागला. हलकासाच. मी न पडतो तर कुणाला कळलंही नसतं. मी पडलो. गुडघा, कुल्ला, खांदा. डोकं येऊन डाव्या बाहीवर टेकलं.

पडल्यावर किती शांत असतं गं! वरून पाय पळत जातात, आरडाओरडा चालू असतो आणि आपल्याला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. एक मुंगी गवताच्या पात्यावर चढत होती. मी तिच्याकडं पाहत होतो आणि मग तिच्या पलीकडं, डोळ्यांपासून चार बोटांवर, माझी बाही होती. तू शिवून पाठवलेली.

टाके उलटे कलले होते.

तुझे टाके उजवीकडं कलतात, आत्या. लहानपणापासून माझ्या सगळ्या शर्टांवर, चड्ड्यांवर, दप्तरावर पाहिलेत. हे डावीकडं कलले होते. एकूण एक. तू तिला उजव्या हातानं शिवायला लावायचीस आणि ती तुझी पाठ वळली की सुई डाव्या हातात घ्यायची. मी समोरच्या बाकावर अभ्यासाचं पुस्तक उलटं धरून ते पाहत बसायचो. तिचा टाका मी हजारांत ओळखेन. दीड महिना तो माझ्या अंगावर होता आणि मी एकोणीस तंबू धुंडाळत होतो!

ओरडावंसं वाटलं. उठून सरळ पळत सुटावंसं वाटलं. पण मी मेलेला होतो. ढोल वाजायला अजून वेळ होता. मग मी तिथंच पडून एकेक टाका पाहिला. खांद्यापासून कोपरापर्यंत एकशे बारा. मध्ये एका जागी दोरा संपलाय, तिथं गाठ आत दडवलीये. तिथं ती थांबली असेल. दोरा ओवला असेल. ओवताना ती सुई उजेडाकडं धरून एक डोळा मिटते, तसा मिटला असेल. माझ्या डगल्यावर वाकून.

ढोल वाजला. सगळे मेलेले उठले. मी सगळ्यात शेवटी उठलो.

मी बॅग भरून स्टेशनपर्यंत गेलो होतो हे खरं आहे. फलाटावर उभा राहिलो आणि परत आलो. तिनं बोलावलेलं नाही. न बोलावता तिच्यामागं एकदा आलोच होतो, त्याचं काय झालं ते आपण पाहिलं.

डगला पुन्हा पाठवतोय. उजवी बाही फाटली आहे.

काडेपेटी

ता. २५ जुलै

चि. काडेपेटीस,

ही बाही फाटलेली नाही, कापलेली आहे. कात्रीनं, सरळ रेषेत, आणि रेघ मारायला बहुतेक पट्टीही वापरली आहेस. तीस वर्षांच्या शिंपिणीला फसवायला निघालास होय रे?

हो. ती इथंच आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आली, बॅग ठेवली आणि म्हणाली, "आत्या, मला काम द्या आणि त्याला सांगू नका." मी वचन दिलं. तुझा डगला आला तेव्हा मी चष्मा शोधत होते, तोवर तिनं उचलून मांडीवर घेतला होता. मी दुसरं काम हातात घेतलं. तुझी पत्रं आधी ती वाचते, मग मी. जूनचं पत्र वाचून तिनं फक्त "ढोल वाजल्यावर" एवढंच म्हटलं आणि पुन्हा वाचलं. या वेळचं वाचलं आणि परसात जाऊन उभी राहिली. बऱ्याच वेळानं आली ती डोळे धुऊन. मला म्हणाली, "एकशे बारा नाहीत, एकशे चौदा आहेत. मोजताही येत नाही त्याला."

तुझी कापलेली बाही तिनं शिवली आहे. नीट सांभाळ.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. ती बोलावत नाही तोवर येऊ नकोस. ती बोलावेलच असं मला वाटतं असंही नाही. मला खरंच ठाऊक नाही. शिवताना ती गप्प असते, तुला माहीत आहे.

दादानं तुझं जुलैचं पत्र उभ्यानंच वाचलं. चहा थंड झाला. म्हणाला, "पडलं की हा लहानपणीही रडायचा नाही." आणि गेला, पॅन्ट न टाकताच.

आत्या

ता. १४ ऑगस्ट

आत्या,

एकशे चौदाच आहेत. आज पुन्हा मोजले. खांद्याच्या घडीत दोन लपलेत.

तू म्हणालीस तसा मी थांबलोय. थांबणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. इथली माणसं सहाशे वर्षांपूर्वीचा एक दिवस परत यावा म्हणून हजारो मैलांवरून येतात, तंबू ठोकतात, चिखलात झोपतात. मला फक्त एप्रिलमधला एक दिवस परत हवाय. पुलावर उभा राहीन, तो टोचेल, मी पडेन. ती कुंपणावरून पाहील आणि म्हणेल, सांडू नकोस. असा मेळा कुठं भरत असेल तर मी चालत जाईन.

आता मी रोज पहिल्या चढाईत पडतो. पथकात मला "पहिला मेलेला" म्हणतात. बिचाऱ्या प्रमुखाची पंचाईत झालीये, म्हणतो, "अरे, निदान दुपारपर्यंत तरी जग!"

बाबांना वेगळं पत्र लिहिलंय. सरांनाही लिहिलं. ते मला नाटक्या म्हणाले तेव्हा ते मला लागलं होतं, हे लिहिलं. एवढंच एक वाक्य, पण तीन कागद फाडले त्यासाठी. परीक्षेला पुन्हा बसता येईल का तेही विचारलंय.

शेवटचा मेळा सप्टेंबरच्या दहा तारखेला. मग पथक पांगणार. ज्याचं त्याचं घर आहे. मी कुठं जायचं ते अजून ठरवलेलं नाही.

डगला पाठवतोय. या वेळी पाठीवर कापलाय, आणि हो, कात्रीनं. खोटं बोलत नाही. तिला म्हणावं, बोलावू नये वाटलं तर नको बोलावूस. शिवून तेवढा पाठव. मला तेवढंही पुष्कळ आहे.

काडेपेटी

ता. २९ ऑगस्ट

चि. काडेपेटीस,

पार्सल तिनंच बांधलं. मला आत बघू दिलं नाही. पोस्टातही स्वतः गेली. मी विचारलं, काही निरोप? "आहे त्यात," म्हणाली. मला काही ठाऊक नाही, मला विचारू नकोस.

तब्येत सांभाळ.

आत्या

ता. १० सप्टेंबर

आत्या,

आणि डावरी, कारण आधी तूच वाचणार आहेस.

पार्सल आज सकाळी मिळालं, अगदी लढाईच्या तोंडावर. उलटापालटा करून चिठ्ठी शोधली. बाह्या झटकल्या, कॉलर चाचपली. काही नाही. घाईघाईत डगला चढवला आणि रांगेत उभा राहिलो.

म्हाताऱ्यानं पुढून पाहिलं, मान डोलावली. म्हणाला, वळ. मी वळलो. पाठीवरून त्याचं बोट खाली गेलं. मग तो म्हणाला, "काढ."

मी डगला काढून हातात घेतला. पाठीवर, मानेपासून कमरेपर्यंत, मशीनची टीप. सरळ, घट्ट, पांढऱ्या दोऱ्याची. तपकिरी कापडावर पांढरा दोरा! हातभर काय, माळाच्या दुसऱ्या टोकावरून दिसला असता.

 मला वाटलं, संपलं. कंटाळली ती. हातानं शिवण्याइतकाही मी उरलो नाही, दिली मशीनखाली सरकवून. मागची रांग चुळबुळ करत होती. ढोलाशी दंतवैद्य मान लांब करून पाहत होता. मी म्हाताऱ्याला म्हटलं, "चालत नाही ना हे?"

त्यानं भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. आधी डावी बाही पाहिली, मग उजवी, मग पाठ. विचारलं, "तिन्ही एकाच माणसानं शिवलंय?" मी म्हटलं हो. "आमच्यात होती का ती? नियम ठाऊक आहे तिला?" मी म्हटलं, "चांगलाच. तुम्ही तिचं काम कधी परत पाठवलं नाहीत."

"मग वेड्या," म्हातारा म्हणाला, "या टिपेवर मी तुला आत सोडू शकत नाही, हे माझ्याआधी तिला ठाऊक होतं. जिला तू इथं मरावंस असं वाटत होतं तिनं बाह्या शिवल्या. ही पाठ शिवणारीला तू इथं नको आहेस." आणि माझ्या दंडाला धरून त्यानं मला दाराबाहेर काढलं. लाकडी पेटीतून माझा फोन, घड्याळ शोधून हातावर ठेवलं. "पुढचा!" म्हणून ओरडला.

भाला दंतवैद्याकडं दिला. त्याचा अंगठा आता वाकतो. त्यानं ढोलावर दोन थापा मारल्या. मेलेल्यांना उठवायला मारतात तशा. लढाई अजून सुरूही झाली नव्हती. सगळं पथक वळून बघायला लागलं.

हे स्टेशनवरच्या बाकावर बसून लिहितोय. पत्र माझ्यानंतर पोचेल बहुतेक. तरीही टाकतो. हे आत्याला कळलं पाहिजे, आणि मी दारात उभा राहिलो की मला यातलं एकही वाक्य बोलता येणार नाही.

डगला बॅगेत मावत नाही. अंगावर घातलाय. उकडतंय. येणारे-जाणारे वळून पाठीकडं बघतायत. बघू देत.